मदत हवी आहे: ईवीवर फुंक आवाजात उतरत नाही

राजेहो, जरा मदत करा. मी आर्वीकडच्या एका खेड्यातला, लग्नाच्या बँडमध्ये बारा वर्षं सॅक्सोफोन वाजवतोय. अमेरिकन सॅक्सवादक मायकेल ब्रेकर यांनी 1980च्या दशकात स्टेप्स अहेड या जॅझ बँडमध्ये वाजवलेली ईवी, म्हणजे फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, ऐकली अन् डोकंच फिरलं. कापसाचे पैसे आले तशी सेकंडहँड घेतली. घरात अजून बोलणी खातो.

अडचण अशी, की जोरात फुंकलं तर आवाज नुसता मोठा होतो. सॅक्सवर फुंकेसोबत सूर धारदार होतो, हळू फुंकलं की मऊ पडतो. इथं तसं काहीच नाही. लॅपटॉपवरच्या सिंथमध्ये, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ब्रेथ (फुंकेचा जोर कळवणारा मिडी सिग्नल, सीसी 2) फक्त व्हॉल्यूमला जोडलाय. तो फिल्टरच्या कटऑफलाही, म्हणजे सूर किती धारदार की मऊ हे ठरवतो त्यालाही, जोडायचा ना? किती? ब्रेथ कर्व्ह, म्हणजे किती फुंकेला किती परिणाम, तो कसा ठेवता?

दुसरं म्हणजे बोटं. चाव्या नुसत्या स्पर्शावर चालतात, अन् मी सवयीनं बोटं टेकवून ठेवतो. अंगठा रोलरवरून दुसऱ्या सप्तकात नेताना मधेच अशी 'किक्' निघते, जणू मांजराच्या शेपटीवर पाय पडला. यासाठी रियाज कसा करावा?

व्हिडिओ नका पाठवू, इथं रेंज नाही. लिहूनच सांगा.