गुडघ्याजवळ मांडीचं हाड मोडलंय, आई परवा घरी येतेय. काय घ्यावं?

सावली_71
आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. वय 71. मांडीचं हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडलं आणि चीर सांध्यात उतरली. रिपोर्टवर 33-सी लिहिलंय. प्लेट आणि स्क्रू बसवलेत. सहा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नाही, पुढचं एक्स-रे पाहून ठरवणार आहेत. ऑपरेशननंतर हाताशी फार उरलेलं नाही. एकच वस्तू परवडेल, तीही भाड्याने: मोटरचा पलंग, गुडघा वाकवायचं सीपीएम मशीन, की कमोड खुर्ची? वॉकर घरात आहे.

जुना_पिंपळ
मोटरचा पलंग. दुसरा विचारच करू नका. वडिलांसाठी आम्ही सरळ विकत घेतला, तोही तीन मोटरचा. डोकं, पाय, उंची, सगळं बटणावर. पैशाकडे पाहू नका, आई एकदाच मिळते.

रिकामी_ओंजळ
पलंगच. पण प्लेट का घातली? माझ्या मावसभावाला गुडघ्यातून वर रॉड घातला, छेदही लहान. लवकर चालायला लागला तो.

चौथा_मजला
प्लेट की रॉड हे हाड कसं मोडलंय त्यावर ठरतं. 33 म्हणजे मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक. ए म्हणजे मोड सांध्याबाहेर. बी म्हणजे सांध्याचा एक भाग सुटला, बाकीचा हाडाला धरून आहे. सी म्हणजे सांध्याचा सगळा भाग वरच्या हाडापासून वेगळा झालाय. तिथे आधी सांध्याचा पृष्ठभाग जुळवावा लागतो. पोटरीचा स्नायू खालचा तुकडा मागे ओढतो, मांडीचे स्नायू हाड आखूड करतात, म्हणून नुसत्या प्लास्टरात हे जागेवर राहणं कठीण. माझा अपघात दुचाकीवरचा. डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी पावलावरची नाडी चाचपली, कारण मोठी रक्तवाहिनी गुडघ्यामागून हाडाला लागूनच जाते. एक उभी चीर तर साध्या एक्स-रेत दिसलीच नव्हती, सीटी स्कॅनमध्ये सापडली.

रिकामी_ओंजळ
मावसभावाचीही चीर सांध्यात होती, तरी रॉडच घातला.

चौथा_मजला
चीर साधी असेल तर आधी स्क्रूने आवळून रॉड घालतातही. इथे प्लेट बसून झालीय, ताईंनी विचारलंय पुढचं.

मंद_वारा
सीपीएम मशीन घ्या. मी तीन आठवडे वापरलं, रोज थोडे अंश वाढवत 90 पर्यंत गेलो. गुडघा आखडला की जन्माचं दुखणं.

कोरी_पाटी
गुडघा वाकण्याचं सगळे बोलतात, सरळ होण्याचं कोणी बोलत नाही. मला गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटायचं. बायको रोज रात्री उशी सारून द्यायची, मीच मागायचो. दोन महिन्यांनी उशी काढली तेव्हा गुडघा आणि गादीच्या मधे माझी मूठ जात होती. तेवढा वाक अजून गेलेला नाही, लंगडतो. ताई, उशी द्यायची तर टाचेखाली द्या, गुडघा मोकळा राहू दे. माझं ऐका, हे फुकट आहे.

जुना_पिंपळ
पलंगाला पायाकडचा भाग वर होतो, उशीच लागत नाही.

कोरी_पाटी
तो वर केला की गुडघा वाकलेलाच राहतो. तेच तर सांगतोय.

नभ_उतरलं
माझ्या काकूंना तिसऱ्या दिवशी पाय टेकवून चालवलं होतं. सहा आठवडे झोपवून ठेवणं जुनं झालं.

हळदुली
वजन न टाकणं म्हणजे झोपून राहणं नव्हे. वॉकरवर एका पायाने उभं राहता येतं, खुर्चीत बसता येतं. किती वजन चालेल ते त्यांच्या सर्जनलाच विचारा, काकूंच्या हाडावरून ठरवू नका. आमच्या सासूबाईंनी मनाने पाय टेकला आणि स्क्रू सैल झाले, परत टेबलावर घ्यावं लागलं. पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा धाप लागली, छातीत दुखलं तर थांबू नका, गाडीत घाला. रक्त पातळ करायचं औषध दिलं असेल तर एकही दिवस चुकवू नका. आणि उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ असणार. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी करा, नाहीतर पुढची पाळी खुब्याची.

मंद_वारा
मशीनचं काय ठरलं?

नभ_उतरलं
वॉकरची उंची बघून घ्या. हात सरळ खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. आमच्याकडे महिनाभर उंच होता, काकूंचे खांदे भरून यायचे.

सावली_71
सगळ्यांचे आभार. सर्जनशी बोलले. वजन सहा आठवडे नाहीच, पण गुडघा आजपासून हलवायचा. टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला, मशीनवाचून चालेल म्हणाले. डेक्सा लिहून दिलीय. काल उशी टाचेखाली ठेवली तर आई रागावली, मग पाच मिनिटांनी झोपली.

तिन्ही वस्तू घेत नाहीये. आईचा पलंग पुरेसा उंच आहे आणि कमोड शेजारच्याच खोलीत. मधे आहे तो फक्त उंबरा. वॉकर त्याच्यावरून जाणार नाही, आणि ती पडली तीही त्याच्यावरच. ते पैसे उंबरा काढून जमीन सपाट करायला आणि कमोडशेजारी दोन दांडे बसवायला घालतेय. गवंडी उद्या सकाळी येतोय.

हळदुली
दांडे विटांच्या भिंतीतच बसवा, नुसत्या टाइलवर नको. आणि रात्री तिथे एक दिवा चालू ठेवा.

जुना_पिंपळ
मी अजून म्हणेन, पलंग घ्या.