आईचं 'दादरजवळ' आणि बिल्डरांचं 'अप्पर वरळी'
वस्तीची ओळख बदलायला तिथली माणसंच बदलावी लागतात, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. मुंबईतलं आमचं लोअर परळ घ्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर कापड गिरण्यांचे भोंगे एकेक करून थंडावले आणि गिरणगाव, म्हणजे आमचा हा गिरण्यांचा भाग, म्हटलं की लोकांना बेकारी नि टोळ्या एवढंच आठवायचं. ताईसाठी स्थळं बघताना कुणी पत्ता विचारला की आई 'दादरजवळ' म्हणायची.

आता फिनिक्स मिलच्या जागेत मॉल आहे आणि बिल्डर लोअर परळच्या फ्लॅटला 'अप्पर वरळी' म्हणतात. आमची चाळ मात्र तशीच आहे. तीच दहा बाय बाराची खोली, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, सकाळची नळावरची घाई. पण भाच्याने ऑफिसात 'लोअर परळ' सांगितलं की समोरचा आधी भाडं किती ते विचारतो!

माणसं तीच, पत्ता तेवढा वजनदार झाला. मला याचा आनंद होत नाही, कारण बदनामीबरोबर नावही पुसलं जातंय. गिरणी कामगारांना पोटभर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, एका गावची माणसं मिळून राहायची ते गावकऱ्यांचे गाळे, भजनी मंडळं, हे सगळं 'गिरणगाव' या शब्दात होतं. 'अप्पर वरळी'त यातलं काय उरतं? मी पत्त्यावर अजून आमच्या रस्त्याचं जुनं नाव, डिलाईल रोडच लिहितो.