ल्युपसमध्ये टीएसएच वाढला म्हणजे दुसरा आजार?

ताई, ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेल्या तुमच्या बहिणीचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड मंदावलं की हे सहसा वाढतं) वाढलाय, 'आता हा नवा आजार कुठून आला?' असं तुम्ही विचारलंय. बरेचदा तो नवा नसतो, त्याच घरातला असतो. जी प्रतिकारशक्ती सांध्यांवर, कातडीवर उलटते, ती थायरॉइडवरही उलटू शकते. अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) तपासलंय का?

पण रिपोर्ट बिघडला म्हणजे थायरॉइडच बिघडलं, असंही नाही. माझ्या वहिनीच्या किडनीवर ल्युपस आला होता, लघवीतून प्रथिनं जायची. थायरॉइड हार्मोन वाहून नेणारी प्रथिनंही त्यातूनच जातात, हे आम्हाला जळगावला दाखवल्यावर कळलं. ल्युपसवर देतात त्या स्टिरॉइडचा मोठा डोस टीएसएच दाबतो, आणि आजार भडकलेला असताना टी-३ (थायरॉइडचं एक हार्मोन) तसाही खाली येतो. म्हणून त्या दिवसांतल्या एकाच रिपोर्टवर निकाल लावू नका, जोर ओसरला की पुन्हा तपासा. टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर मात्र डॉक्टर सहसा थायरॉइडची गोळी देतातच.

थकवा, केस गळणं ल्युपस आणि मंदावलेलं थायरॉइड, दोन्हीकडे सारखंच. वहिनी चार महिने 'ऊन बाधलं' म्हणत राहिली. (मे महिन्यात आपल्या खान्देशात कोण थकत नाही म्हणा!)

आणखी एक. स्टिरॉइडसोबत बहुधा कॅल्शियमही चालू असतं. ते थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाही, मध्ये ४ तास जाऊ द्या. वहिनी दोन्ही गोळ्या सकाळच्या चहासोबत घ्यायची, आणि इकडे थायरॉइडचा डोस वाढतच चालला होता.