मदत हवी आहे: जँगोच्या स्क्रिप्टचे डेटाबेस कनेक्शन रोज पहाटे तुटते, संकेतस्थळ मात्र सुरळीत चालते

नमस्कार. मी एका दूध संस्थेच्या संकलनाची संगणकीय व्यवस्था सांभाळतो. केंद्रावरील वजनकाटा आणि फॅट मोजणारे यंत्र यांच्याकडून येणारी प्रत्येक नोंद एमक्यूटीटी या संदेशवहनाच्या पद्धतीने आमच्या सर्व्हरवर पोहोचते, आणि जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची मॅनेजमेंट कमांड (संकेतस्थळाबाहेर, कमांड लाइनवरून चालणारा प्रोग्रॅम) म्हणून अखंड चालणारी एक स्क्रिप्ट ती नोंद ओआरएममार्फत (जँगोच्या डेटाबेस हाताळणाऱ्या भागामार्फत) मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठवते. जँगो ४.२ आहे, मारियाडीबी १०.६ आहे आणि दोन्ही एकाच यंत्रावर आहेत.

पहाटे साडेपाचला पहिला उत्पादक दूध घालतो, तेव्हा लॉगमध्ये २००६ क्रमांकाची ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ ही त्रुटी उमटते. त्यानंतर येणारी प्रत्येक नोंद त्याच त्रुटीने फसते आणि स्क्रिप्ट बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय काहीही साठत नाही. त्याच वेळी, त्याच सेटिंगवर, गनिकॉर्न या वेब सर्व्हरमागे चालणारे संकेतस्थळ मात्र विनातक्रार उघडते. सायंकाळच्या संकलनात हा प्रकार एकदाही घडलेला नाही. तूर्त क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) पहाटे ५ वाजता स्क्रिप्ट रीस्टार्ट करतो, पण हा उपाय नव्हे, हे मलाही कळते.

कनेक्शनची कमाल संख्या १५१ आहे आणि प्रत्यक्षात दहाच्या वर कधी गेलेली दिसली नाही. ‘कॉन_मॅक्स_एज’ ही कनेक्शन किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवणारी जँगोची सेटिंग मूळच्या ० या मूल्यावरच आहे, म्हणजे प्रत्येक क्वेरीनंतर कनेक्शन बंद व्हायला हवे. मग तुटायला ते उघडे राहतेच कसे, हे मला उमगत नाही.

प्रतिसाद १

मारियाडीबीचा ‘वेट_टाइमआउट’ (निष्क्रिय कनेक्शन किती वेळाने तोडायचे ती मुदत) वाढवून २४ तास करा. आमच्याकडे तेवढ्याने भागले.

प्रतिसाद २

वरील उपायाने त्रुटी काही काळ दिसेनाशी होईल, परंतु एखाद्या दिवशी डेटाबेस सर्व्हरच रीस्टार्ट झाला, तर आपली स्क्रिप्ट पुन्हा तशीच अडकेल. म्हणून मी तो सुचवणार नाही.

आपला गोंधळ ‘कॉन_मॅक्स_एज’च्या अर्थाविषयी आहे. शून्य म्हणजे प्रत्येक क्वेरीनंतर नव्हे, तर प्रत्येक विनंतीच्या (संकेतस्थळाकडे येणाऱ्या मागणीच्या) शेवटी कनेक्शन बंद करणे. विनंती सुरू होताना आणि संपताना जँगो जे सिग्नल पाठवते, त्यांना ‘क्लोज_ओल्ड_कनेक्शन्स’ हे फंक्शन जोडलेले असते आणि जुने किंवा बिघडलेले कनेक्शन तेच बंद करते. आपल्या स्क्रिप्टमध्ये विनंती हा प्रकारच नाही, त्यामुळे ते फंक्शन कधीच चालत नाही आणि पहिल्या नोंदीच्या वेळी उघडलेले कनेक्शन तसेच पडून राहते. जँगो ४.१ पासून आलेली ‘कॉन_हेल्थ_चेक्स’ ही कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी सोयही याच वाटेने चालते, तेव्हा ती नुसती सुरू करून येथे काही साधणार नाही.

‘वेट_टाइमआउट’चे मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास असते. आपल्या दोन संकलनांमध्ये किती वेळ शांतता असते? आणि हे मूल्य तपासताना ग्लोबल मूल्य विचारा. कमांड लाइनच्या क्लायंटमध्ये साधे विचारल्यास त्या सत्राचा आकडा मिळतो आणि तो ‘इंटरॅक्टिव्ह_टाइमआउट’वरून (माणूस थेट वापरत असलेल्या सत्रांच्या वेगळ्या मुदतीवरून) आलेला असतो. या फरकापायी माझा एक अख्खा दिवस वाया गेलेला आहे.

प्रत्येक नोंद साठवण्यापूर्वी, ट्रान्झॅक्शन सुरू होण्याआधी, ‘क्लोज_ओल्ड_कनेक्शन्स’ हे फंक्शन स्वतः बोलवा. क्रॉनमधील रीस्टार्ट मात्र तोवर थांबवा, नाहीतर उपाय लागू पडला की नाही हे कळणारच नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सायंकाळचे संकलन साडेसातला संपते आणि पहाटेपर्यंत १० तास काहीच येत नाही. सकाळचे संकलन साडेआठला संपते, पण दुपारी एकच्या सुमारास बल्क कूलरच्या तापमानाची नोंद येते, त्यामुळे दिवसा ८ तासांचा खंड पडतच नाही. सायंकाळी सारे सुरळीत का असते, याचे उत्तर मिळाले.

दर अर्ध्या तासाने ‘शो प्रोसेसलिस्ट’चा (उघड्या कनेक्शनच्या यादीचा) निकाल फाइलमध्ये लिहून घेतला. स्क्रिप्टचे कनेक्शन ‘स्लीप’ स्थितीत होते, त्यापुढील सेकंदांचा आकडा ३ वाजता २७,००० च्या आसपास होता आणि ४ वाजताच्या नोंदीत ती ओळच नव्हती.

तरीही आज पहाटे तीच त्रुटी आली. स्क्रिप्टच्या मुख्य लूपमध्ये दर मिनिटाला ‘क्लोज_ओल्ड_कनेक्शन्स’ बोलवत होतो आणि ते चालल्याचे लॉगमध्ये दिसतही आहे.

प्रतिसाद २

एमक्यूटीटीसाठी पाहो ही लायब्ररी वापरता का, आणि ‘लूप_स्टार्ट’ने ते सुरू करता का? तसे असेल, तर संदेश आल्यावर चालणारे ‘ऑन_मेसेज’ हे फंक्शन मुख्य थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या कामाच्या मुख्य प्रवाहात) नव्हे, तर पाहोने उघडलेल्या वेगळ्या थ्रेडमध्ये चालते. जँगोची कनेक्शन थ्रेडागणिक वेगळी असतात आणि ‘क्लोज_ओल्ड_कनेक्शन्स’ केवळ ज्या थ्रेडमधून बोलावले जाते त्याच थ्रेडची कनेक्शन पाहते. आपण दर मिनिटाला भलत्याच घराचे दार वाजवत होता. तीच ओळ ‘ऑन_मेसेज’च्या आरंभी न्या.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. ‘ऑन_मेसेज’मध्ये त्रुटी पकडून फक्त लॉगमध्ये लिहीत असाल, तर ब्रोकरच्या (संदेश पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या) दृष्टीने तो संदेश पोहोचलेला असतो आणि तो पुन्हा येत नाही. डेटाबेसकडे जाण्याआधी कच्चा संदेश एका फाइलीत जोडून ठेवावा. दुधाचे पैसे त्या नोंदीवरून निघतात.

धागाकर्ता

होय, ‘लूप_स्टार्ट’च होते. ती ओळ हलवल्यापासून सलग चार दिवस पहाटेची पहिली नोंद साठली आहे, आणि रविवारी दुपारी मुद्दाम मारियाडीबी रीस्टार्ट करून पाहिले, तेव्हाही पुढची नोंद बिनबोभाट गेली. कच्चे संदेश आता फाइलीत जातात. फसलेल्या दिवसांच्या नोंदी केंद्रावरील छापील पावत्यांवरून हाताने भरत आहे. अजून दोन दिवसांच्या बाकी आहेत. क्रॉनमधील ओळ काढून टाकण्याचे धैर्य मात्र झालेले नाही, ती सध्या फक्त कॉमेंट करून (म्हणजे न चालेल अशी) ठेवली आहे.