मदत हवी आहे: हळू धावून हाफ मॅरेथॉनचा वेग कसा वाढणार?

उतावीळ: नमस्कार. दहा आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन (सुमारे 21.1 किलोमीटर) आहे आणि ती मला दोन तासांच्या आत पूर्ण करायची आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण 5 मिनिटे 41 सेकंद हा वेग शेवटपर्यंत टिकायला हवा. माझ्या वेळापत्रकात मात्र बहुतेक दिवशी ‘इझी रन’, म्हणजे हलके धावणे, लिहिलेले आहे. घड्याळाने दिलेल्या हृदयगतीच्या मर्यादेत राहायचे तर मला किलोमीटरला पावणेआठ मिनिटांच्या पेसने (वेगाने), मध्येमध्ये चालत, जावे लागते. इझी रन काढून त्या जागी टेम्पो (दमदार, पण टिकवता येईल अशा वेगाचे धावणे) घेतले तर चालेल का? उद्या पहाटे धावायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

संथगती: आपण आठवड्यातून किती दिवस धावता, अलीकडची शर्यत किती वेळात झाली आणि घड्याळातली ती मर्यादा कोणी ठरवली, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय कोणी काय सांगावे?

लांबपल्ला: तपशील येईपर्यंत मूळ शंकेबद्दल लिहितो. हाफ मॅरेथॉनला लागणारी ऊर्जा जवळजवळ सगळी ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होते. स्नायूंतल्या केशवाहिन्या व मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) वाढणे, हृदयाने एका ठोक्यात अधिक रक्त ढकलणे, हे बदल संथ धावण्यातूनही होतात आणि त्याचा थकवा दुसऱ्या दिवशी उरत नसल्यामुळे असे धावणे भरपूर करता येते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी धावपटू पीटर स्नेल यांच्याकडून आठवड्याला 100 मैलांच्या आसपास धावून घेतले, आणि स्नेल यांनी 1960 मध्ये रोमला 800 मीटरचे, तर 1964 मध्ये टोकियोला 800 आणि 1500 मीटरचे सुवर्ण जिंकले.

गणिती: लिडियर्ड यांचे नाव रेंगाळत धावण्याच्या समर्थनार्थ घेतले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांचे धावपटू शर्यतींआधीच्या पायाभूत सरावाच्या काळातही चांगल्या दमदार गतीने धावत असत. तसेच 80 टक्के हलके आणि 20 टक्के कठीण हे प्रमाण क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावात पाहिले. आठवड्याला दहा-बारा सत्रे करणाऱ्यांचे प्रमाण तीन दिवस धावणाऱ्याने जसेच्या तसे उचलावे काय?

पायताण: आपले बूट किती किलोमीटर वापरून झाले आहेत? कार्बन प्लेटच्या (तळात कडक पट्टी असलेल्या) बुटांनी माझा वेग लगेच वाढला.

उतावीळ: बुटांविषयी मी विचारलेलेच नाही. आठवड्याला चार दिवस, साधारण 32 किलोमीटर धावतो. मागच्या महिन्यात 10 किलोमीटर 54 मिनिटांत झाले. वय 45. मर्यादा घड्याळानेच आपोआप मिनिटाला 135 ठोक्यांची धरली आहे. ती सोडून मी आपला 6:05 च्या पेसने धावतो आणि तेव्हा हृदयगती 158 च्या आसपास असते. नडगी थोडी दुखते, पण त्याचा येथे संबंध नसावा.

संथगती: संबंध तिथेच आहे! दम लवकर सुधारतो. हाडे आणि स्नायुबंध मात्र सावकाश बळकट होतात. आपल्या 10 किलोमीटरच्या वेळेवरून दोन तासांच्या आत येण्याची शक्यता दिसते, परंतु तीही जेमतेम, आणि 6:05 हा वेग त्या लक्ष्यापासून अवघा 24 सेकंद दूर आहे. म्हणजे आपला एकही दिवस खरोखर हलका जात नाही, आणि म्हणूनच कठीण दिवशीही पाय पुरेसे ताजे नसणार. त्या 10 किलोमीटरच्या शेवटी घड्याळाने किती ठोके दाखवले होते?

उतावीळ: 188.

संथगती: मग घड्याळाने 220 वजा वय या सूत्राने आपली कमाल हृदयगती 175 धरली आहे, हे उघड झाले. ते सूत्र सरासरीचे आहे आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. आपली कमाल किमान 188 आहे, तेव्हा 135 ची मर्यादा विनाकारण कडक ठरते.

नाडीपरीक्षक: मी असहमत आहे. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या, हलक्या धावण्याची मर्यादा ठरवणाऱ्या 180 वजा वय या सूत्रानेही उत्तर 135 च येते. मी वर्षभर ते काटेकोर पाळले आणि त्याच ठोक्यांवर माझा पेस बराच सुधारला.

गणिती: वयावरून काढलेल्या एका चुकीला वयावरूनच काढलेला दुसरा आकडा पुरावा कसा ठरेल? शिवाय मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजतो. पूर्ण वाक्ये धाप न लागता बोलता आली, तर धावणे हलके आहे. त्याला घड्याळ लागत नाही.

लांबपल्ला: इथे गणितींशी मी सहमत आहे. शर्यतीच्या पेसपेक्षा किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट सावकाश, म्हणजे 6:40 ते 7:10, हा आपला इझी पेस धरावा. चारपैकी एक दिवस टेम्पो, बाकीचे तीन हलके, त्यातला एक लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव). नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल, तर मात्र धावणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

उतावीळ: आज पहाटे 7:00 च्या पेसने आठ किलोमीटर केले आणि संपूर्ण वेळ सोबत्याशी बोलत होतो. घड्याळ सतत कुरकुरत होते. त्यातली कमाल हृदयगती बदलण्याची सोय कुठे सापडते?

पायताण: सेटिंग्जमध्ये. बुटांचे मात्र आपण सांगितले नाही.