ई-इंक रीडरवर वाचूनही डोळे का शिणतात?

शाईदौत
६ इंची, ३०० पीपीआयचा (दर इंचाला ३०० ठिपके) ई-इंक रीडर आहे, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं पुस्तक वाचायचं यंत्र. ईपब पुस्तकं (ज्यांत अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं) व्यवस्थित वाचता येतात, पण स्कॅन केलेल्या ए-४ पीडीएफ वाचायला घेतल्या की तासाभरात डोळे चुरचुरतात आणि कपाळ जड होतं. खोलीत फक्त छताचा दिवा असतो, म्हणून फ्रंटलाइट (रीडरचा स्वतःचा दिवा) जवळपास पूर्ण ठेवावा लागतो. तीन शंका: फ्रंटलाइट म्हणजे शेवटी बॅकलाइटच ना? १०.३ इंची घेऊन फरक पडेल का? आणि रंगीत पडदा डोळ्यांना बरा की वाईट?

काजळरेघ
बॅकलाइट नाही. एलसीडीत दिवा पडद्यामागे असतो आणि उजेड थेट डोळ्यांत येतो. इथे कडेला बारीक एलईडी असतात, त्यांचा उजेड वरच्या पारदर्शक थरातून पानावर पसरतो आणि तिथून परावर्तित होऊन येतो. पण त्रास ठरतो तो पान आणि आजूबाजूची खोली यांच्या उजेडातल्या तफावतीवर. काळोख्या खोलीत पूर्ण फ्रंटलाइट लावला तर तोही खुपणारच.

ई-इंकचं पान पडलेल्या उजेडाच्या साधारण ४० टक्केच परत देतं, चांगला पांढरा कागद ८० टक्क्यांच्या आसपास. म्हणून मंद उजेडात पडदा राखाडी दिसतो आणि हात आपोआप ब्राइटनेसकडे जातो. आधी टेबललॅम्प घ्या, खांद्यामागून, थोडा बाजूने. पानावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) पडले पाहिजेत. मग रीडरशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंतच फ्रंटलाइट वाढवा.

लुकलुक तपासायची असेल तर खोलीत अंधार करा, ब्राइटनेस अगदी कमी ठेवा आणि पडद्यासमोर पेन्सिल झरझर हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर एलईडी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी केला जातोय. काहींचं डोकं यानेच दुखतं. अशा रीडरवर फ्रंटलाइट बंद करून लॅम्पवरच वाचावं.

रफारउकार
उजेडाचं पटलं, पण ईपब नीट वाचता येतं म्हणजे मुख्य दोष पीडीएफचाच. हिशोब बघा. ६ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९१ मिमी, ए-४ पानाची २१०. म्हणजे पान ४३ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम ५ पॉइंटचं उरतं. देवनागरीत त्याचे हाल जास्त: अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, जोडाक्षरांचा नुसता ठिपका होतो. मग रीडर नाकाशी येतो आणि डोळ्यांचे स्नायू ताणलेलेच राहतात.

नवीन काही घेण्याआधी समास कापा. दोन्हीकडे २५ मिमी समास असेल तर मजकूर १६० मिमी उरतो. आता पडदा आडवा धरला (१२२ मिमी) तर तेच अक्षर ९ पॉइंटचं दिसेल. केओरीडर या वाचनाच्या अ‍ॅपमध्ये समास आपोआप कापायची सोय आहे, आणि तिथेच कॉन्ट्रास्टही वाढवा. स्कॅनमधला पिवळट कागद करड्या छटेत येतो आणि अक्षर फिकं पडतं. रीफ्लो (पानातला मजकूर सुटा करून पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडणं) वापरून बघा, पण ओळी दाट असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या मात्रा एकमेकांत अडकतात आणि दोन ओळी एकच समजून कापल्या जातात. पान विस्कटलं की रीफ्लो सोडून द्या.

१०.३ इंचीची रुंदी १५७ मिमी. समास कापलेलं पान उभ्यातच जवळजवळ मूळ आकारात बसतं. रोजचं वाचन स्कॅनचंच असेल तर तो खर्च सार्थकी लागेल.

पापणी_मिटा
चुरचुरण्याचं कारण बहुधा पडदा नाहीच. एकाग्र वाचताना पापण्या लवणं कमी होतं, छापील पुस्तकातही. पंख्याचा झोत चेहऱ्यावर असेल तर भरच पडते. रीडर नजरेच्या खाली, ४० सेंमीवर ठेवा. पापणी अर्धी खाली असली की डोळा कमी उघडा राहतो. मधूनमधून दूर बघा आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा.

संशोधनाचा कौलही एकमुखी नाही. २०१२ च्या एका तुलनेत एलसीडी आणि ई-इंक यांत थकव्याचा फरक आढळला नव्हता. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात एलसीडीवर कागद आणि ई-इंकपेक्षा जास्त थकवा दिसला. तेव्हा ई-इंक म्हणजे औषध असं समजू नका. अक्षर मोठं करूनही कपाळ दुखत राहिलं तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. थोडासा सिलिंडर नंबर (डोळ्याच्या गोलाईतल्या असमानतेचा) किंवा लागू पाहणारी चाळिशी अशीच त्रास देते. आणि पिवळसर फ्रंटलाइट रात्री सुखद वाटतो खरा, पण कोरड्या डोळ्यांवर तो इलाज नाही.

काजळरेघ
रंगीत पडद्याचं राहिलं. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यामध्ये काळा मजकूर ३०० पीपीआय, रंग १५०. मजकुरावर रंगगाळणीचा थर असल्याने पान आणखी काळपट होतं आणि फ्रंटलाइट जवळपास कायम लागतो. नकाशे, चित्रकथा यांसाठी घ्या. निव्वळ मजकुरासाठी कृष्णधवलच.

शाईदौत
समास कापून आडवं धरलं, फरक लगेच दिसला. पण मागच्या पानाची पुसट अक्षरं खाली उरतात.

रफारउकार
ते घोस्टिंग. स्कॅनमधल्या करड्या छटांमुळे जास्त दिसतं. पीडीएफसाठी पूर्ण रिफ्रेश 'दर पानाला' ठेवा. पान क्षणभर काळं होईल, बॅटरी थोडी जास्त जाईल. ईपबला दर ६ पानांनी पुरे.