अंगठीसाठी खडा: प्रयोगशाळेतला हिरा, मॉइसनाइट, झिरकोनिया की पांढरा पुष्कराज?

अनामिका_०७

नमस्कार. आमचा साखरपुडा आणि लग्न यांत थोड्याच महिन्यांचे अंतर आहे आणि दोन्ही अंगठ्या पुढे एकाच बोटात घालायच्या, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. खाणीतून काढलेला हिरा घ्यायचा नाही, हेही पक्के आहे. अडले आहे ते त्यापुढे. गेले काही आठवडे मी जे वाचते आहे त्यात प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, मॉइसनाइट, क्यूबिक झिरकोनिया आणि पांढरा पुष्कराज ही चार नावे पुन्हा पुन्हा येतात; पण 'लॅबमध्ये तयार केलेला हिऱ्याचा पर्याय' हा शब्दप्रयोग कुठे पहिल्यासाठी, तर कुठे तिसऱ्यासाठी वापरलेला असतो आणि पूर्ण वर्णन वाचूनही खडा नेमका कोणता आहे ते कळत नाही.

ही भीती उगाच नाही. माझ्या मोठ्या बहिणीला तिची अंगठी घेताना 'लॅबचा हिरा' असे सांगण्यात आले होते. दोन वर्षांत तो निस्तेज दिसू लागला म्हणून तिने तपासून घेतला, तेव्हा तो झिरकोनिया निघाला. अंगठीपेक्षाही आपल्याला खरे सांगितले गेले नाही, याचे तिला अधिक वाईट वाटले.

मी रुग्णालयात काम करते. दिवसातून कितीतरी वेळा हात धुवावे लागतात, हातमोजे चढवावे आणि उतरवावे लागतात. अशा हातावर रोज राहून वीस वर्षांनीही जसाच्या तसा दिसेल असा खडा यांपैकी कोणता, दिसण्यात यांच्यात खरोखर किती फरक आहे आणि घेताना खात्री कशी करून घ्यावी, हे जाणकारांनी सांगितले तर फार मदत होईल.

पैलू_पारखी

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण तुमच्या ताईंची फसगत तिथेच झालेली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा हिराच असतो: तोच कार्बन, तीच स्फटिकरचना, तोच २.४२ अपवर्तनांक (खडा प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) आणि मोह्सच्या काठिण्यश्रेणीत तेच १० हे स्थान. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी डिसेंबर १९५४ मध्ये प्रचंड दाब आणि तापमान वापरून हिरा बनवला. आज त्या पद्धतीच्या जोडीला मिथेन आणि हायड्रोजनच्या तप्त वायूतून कार्बनचे थर चढवत नेण्याची सीव्हीडी पद्धतही रुळली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-नियामक संस्थेने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. उरलेले तिन्ही खडे दिसायला हिऱ्याच्या जवळ जातात, पण त्यांचे रसायन वेगळे आहे. त्यामुळे 'लॅबमध्ये तयार केलेला' या शब्दांवर थांबू नका. त्यांच्यापुढे कोणत्या पदार्थाचे नाव आहे ते पाहा आणि नाव नसेल तर विचारा.

झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम ऑक्साइड, ज्यात स्फटिक स्थिर राहावा म्हणून बहुधा यट्रियम ऑक्साइड मिसळतात. बोलताना आपण त्याला सर्रास 'अमेरिकन डायमंड' म्हणतो, पण तो मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची पद्धत १९७० च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत बसवली गेली. त्याला झिरकॉन म्हणणेही चूक आहे. झिरकॉन हे स्वतंत्र नैसर्गिक खनिज आहे. झिरकोनियाचे काठिण्य ८ ते ८.५ आहे. हा आकडा वाचायला चांगला वाटतो, परंतु रोजच्या अंगठीत तो पुरा पडत नाही. अभ्यासासाठी ठेवलेला असा एक खडा माझ्याकडे आहे, जो अंगठीत तीन वर्षे रोज वापरला गेला होता. दहापट भिंगाखाली त्याच्या पैलूंच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर झालेल्या दिसतात आणि वरच्या सपाट पैलूवर बारीक ओरखड्यांचे जाळे पसरलेले आहे. कडा धारदार राहिल्या नाहीत की प्रकाश नीट परतत नाही आणि खडा धुऊनही मळकट वाटतो. ताईंच्या खड्याचे बहुधा हेच झाले असावे. काही झिरकोनियावर कठीण लेप देऊन त्याला वेगळे, भारदस्त नाव दिले जाते. लेप झिजला की आतला खडा तोच.

मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. आंरी म्वासां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्काविवराजवळच्या नमुन्यांत त्याचे सूक्ष्म कण सापडले होते. दागिन्यात बसणारा खडा मात्र प्रयोगशाळेतच वाढवावा लागतो आणि तो बाजारात आला १९९८ च्या सुमारास. काठिण्य ९.२५, अपवर्तनांक २.६५ ते २.६९, म्हणजे हिऱ्यापेक्षाही अधिक. पांढऱ्या प्रकाशातून रंग वेगळे करण्याची त्याची क्षमता, ज्याला अपस्करण म्हणतात, ०.१०४ आहे, तर हिऱ्याची ०.०४४. उन्हात हात हलवला की लाल, निळ्या, हिरव्या ठिणग्या उडाव्यात तसे रंग त्यात दिसतात. लहान खड्यात हे सहसा लक्षात येत नाही. मोठ्या खड्यात येते आणि ते काहींना अतिशय आवडते, तर काहींना नको इतके वाटते. हा आवडीचा प्रश्न आहे, दोषाचा नाही. म्हणून मोठा मॉइसनाइट घेण्याआधी तो दुकानातल्या दिव्यांबाहेर, खिडकीपाशी नेऊन पाहा, एवढा माझा आग्रह राहील.

पांढरा पुष्कराज म्हणजे रंगहीन कुरुंद. नीलम आणि माणिक ज्या खनिजाचे, त्याच खनिजाचा. काठिण्य ९, म्हणजे टिकायला उत्तम. त्याचा अपवर्तनांक मात्र १.७६ च्या आसपास आणि अपस्करण ०.०१८ इतकेच, त्यामुळे त्याची चमक शांत, काहीशी पाण्यासारखी असते. हिऱ्याची झळाळी मनात धरून तो घेतला तर निराशा होईल. टोपाझलाही पुष्कराज म्हणण्याची पद्धत आहे आणि टोपाझ ८ काठिण्याचा, शिवाय एका दिशेत सहज चिरणारा खडा आहे, तेव्हा इथेही नावाची खातरजमा करावी.

आणखी एक गोष्ट कॅरटची. कॅरट हे वजन आहे, ०.२ ग्रॅम. झिरकोनिया हिऱ्यापेक्षा बराच जड आणि मॉइसनाइट थोडा हलका, त्यामुळे साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण एक कॅरट भरतो, तर तेवढाच झिरकोनिया दीड कॅरटच्या पुढे जातो. तुलना नेहमी मिलिमीटरमध्ये करा.

हिरवळ

खाणीचा हिरा टाळण्यामागे तुमचा हेतू नैतिक असेल असे गृहीत धरून थोडे लिहिते. २००३ पासून लागू असलेली किंबर्ली प्रक्रिया, म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या व्यापाराची आंतरराष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था, मुख्यतः बंडखोर गटांना पैसा पुरवणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपुरती आहे. खाणीतल्या मजुरांची परिस्थिती तिच्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा तुमची शंका मला रास्त वाटते. परंतु प्रयोगशाळेतला खडा आपोआप पर्यावरणस्नेही ठरतो, असेही नाही. हिरा असो, मॉइसनाइट असो वा झिरकोनिया, तिन्ही वाढवायला प्रचंड उष्णता लागते आणि त्या उष्णतेसाठीची वीज कशापासून आली यावर बरेच अवलंबून असते. उत्पादक त्याबद्दल काय लिहून देतो ते जरूर विचारा.

कोंदणकार

वरचे विवेचन अचूक आहे, पण मी खडे बसवणारा माणूस असल्यामुळे मला तुमच्या प्रश्नातले एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले: दोन्ही अंगठ्या एकाच बोटात. दुरुस्तीला येणाऱ्या जोड-अंगठ्यांत मला वारंवार दिसणारी झीज हातकामाने झालेली नसते, ती शेजारच्या अंगठीने केलेली असते. लग्नाच्या अंगठीत बारीक हिऱ्यांची ओळ असेल आणि साखरपुड्याच्या अंगठीत मॉइसनाइट किंवा पुष्कराज असेल, तर ते हिरे दिवसभर मोठ्या खड्याच्या कंगोऱ्याला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या प्राँगना घासत राहतात. ९.२५ आणि १० यांतले अंतर आकड्यात पाऊण दिसते, पण मोह्सची श्रेणी फक्त क्रम सांगते. हिरा त्याच्या खालच्या प्रत्येक खड्यापेक्षा प्रत्यक्षात कित्येक पट कठीण आहे. म्हणून एक तर दोन्ही अंगठ्यांत एकाच प्रकारचे खडे ठेवा, नाही तर लग्नाची अंगठी खड्याशिवाय साधी ठेवून ती मोठ्या खड्याच्या खालून सरळ जाईल अशी उंची राखून घ्या. दोन्ही अंगठ्या एकाच कारागिराकडून, एकत्र मापून करून घेणे यासाठीच हिताचे असते.

कठीण म्हणजे न फुटणारा, हा समजही काढून टाका. हिरा चार दिशांना स्वच्छ चिरतो. टोकदार कोपऱ्यांच्या खड्यावर नेमक्या कोनात फटका बसला तर कोपरा उडतो. मॉइसनाइट या बाबतीत अधिक सोशीक आहे. तुमच्या कामाला मी गोल किंवा लंबगोल खडा आणि चहूबाजूंनी धातूची पट्टी वळवलेले बेझल कोंदण सुचवीन. उंच प्राँग हातमोज्यात अडकतात, मोजा फाडतात आणि हळूहळू उचलले जातात; एक दिवस खडा नाहीसा होतो, तेव्हा तो कशाचा होता याला अर्थ उरत नाही. बेझलमध्ये खड्याखाली साबण साचतो खरा, म्हणून मागची बाजू उघडी ठेवायला सांगा.

दुरुस्तीच्या वेळी खडा कोणता हे कारागिराला आवर्जून सांगा. ज्योतीखाली हिरा बोरिक ॲसिडच्या लेपाने जपतात, पण टाकणखाराच्या संपर्कात तापलेल्या पुष्कराजाचा पृष्ठभाग खरवडला जातो, आणि तापलेला झिरकोनिया एकदम थंड केला तर तडकतो. 'हिरा' म्हणून विकलेला झिरकोनिया असा माझ्या हातात तडकलेला आहे. त्या बाईंना ते सांगताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही.

आणखी एक: ब्लीचने सोन्याच्या मिश्रधातूला, विशेषतः पांढऱ्या सोन्याला, इजा होते. तेवढ्या वेळापुरती अंगठी काढून ठेवावी.

अनामिका_०७

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या अंगठीचा मुद्दा आमच्या डोक्यातही आला नव्हता. आता लग्नाच्या आम्हा दोघांच्या अंगठ्या खड्याशिवाय साध्या ठेवाव्यात आणि साखरपुड्याच्या अंगठीत बेझलमध्ये गोल खडा घ्यावा, असे वाटू लागले आहे. झिरकोनिया आणि पुष्कराज आम्ही बाजूला ठेवले. प्रयोगशाळेतला हिरा की मॉइसनाइट, एवढेच उरले आहे. यांपैकी जो घेऊ तो तोच आहे, याची खात्री घेतानाच कशी करावी?

पैलू_पारखी

हे दोन खडे एकमेकांपासून वेगळे करणे अवघड नाही, मात्र उष्णता मोजणाऱ्या साध्या पेनवर विसंबू नका; मॉइसनाइटही हिऱ्यासारखीच उष्णता वाहून नेतो आणि त्या पेनवर हिरा म्हणून उत्तीर्ण होतो. दहापट भिंग घ्या आणि खडा किंचित कलता धरून वरच्या बाजूच्या एखाद्या मोठ्या पैलूतून तळाकडच्या कडांकडे पाहा. मॉइसनाइटमध्ये त्या कडा रुळांच्या जोडीसारख्या दुहेरी दिसतात, कारण त्यात प्रकाशाचे दुहेरी अपवर्तन होते. हिऱ्यात प्रत्येक कड एकेरीच दिसते. सरळ वरून पाहू नका, कारण खडा कापतानाच हे दुहेरीपण वरून दिसू नये अशी दिशा धरलेली असते.

हिरा घ्यायचा ठरला तर हिरे तपासणाऱ्या जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या संस्थेचा अहवाल मागा आणि खड्याच्या कंगोऱ्यावर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून स्वतः वाचून अहवालाशी जुळवा. क्रमांक बेझलखाली झाकला जाणार असल्याने हे काम खडा बसवण्याआधी उरका. सीव्हीडी हिऱ्यात तपकिरी झाक आणि दाबाच्या पद्धतीतल्या हिऱ्यात निळसर झाक असू शकते, म्हणून तो पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात पाहा. वाढवल्यानंतर रंग सुधारण्यासाठी प्रक्रिया केली असेल तर अहवालात तशी नोंद असते, तीही वाचा.

तुमचे वर्णन वाचून माझा कौल मॉइसनाइटकडे झुकतो. शेजारची अंगठी साधी असेल तर त्याला रोज घासणारे कठीण असे काही उरत नाही, आणि पुढे खडा हरवलाच तर तो बदलताना कमी जड जाईल. मात्र त्याचे रंग खिडकीपाशी पाहून तुम्हा दोघांनाही ते आवडले, तरच. पुष्कळ दिवस वापरल्यावर त्यावर कधी कधी तेलाच्या तवंगासारखे रंगीत पटल दिसते. ते वरच्या वर असते आणि पॉलिश करून निघते. एरवी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

अनामिका_०७

शनिवारी दोघे मिळून भिंग घेऊन जातो आहोत. बहिणीलाही सोबत घेतले आहे. दुहेरी कडा तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या आहेत.